माय, मावशी आणि रुपेरी पडदा

‘माय मरो पण मावशी उरो’ ही म्हण मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा दचकले होते. आईच्या मरणाची गोष्ट कोणी इतक्या सहज बोलते का, असे वाटले होते. मोठेपणी कळले की ही म्हण आईच्या मरणाविषयी नाही, मावशीच्या असण्याविषयी आहे. आई गेली तरी तिच्या मायेचा एक वाटा दुसऱ्या बाईजवळ ठेवलेला असतो, एवढेच तिला सांगायचे आहे.

ही म्हण पुन्हा आठवली ती शाळेत. नववीच्या वर्गात नात्यांचे मराठी शब्द शिकवत होते. खाला म्हणजे मावशी, फुफी म्हणजे आत्या, असे फळ्यावर लिहीत असताना एक मुलगी उठून म्हणाली, “आपा, कोरियनमध्ये खालाला इमो म्हणतात. अम्मीच्या सहेलीलाही इमोच म्हणतात.” वर्गात हशा पिकला. धान आणि पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडारा जिल्ह्यातली ही मुलगी मोबाइलवर कोरियन मालिका पाहते, याचे मला नवल वाटले नाही. हल्ली सगळ्याच मुली पाहतात. नवल वाटले ते तिच्या निरीक्षणाचे. आपल्याकडेही तसेच आहे की! आईची मैत्रीण आपल्या घरी आली की ती मावशी होते, खाला होते. ‘आईची मैत्रीण’ म्हणून तिला स्वतःची जागा नाही. तिला घरात यायचे तर नात्याची ओढणी घेऊनच यावे लागते.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घोळत राहिला. ज्या चित्रपटांनी आपल्या आज्या आणि आया रडवल्या, त्यांत या बाईला कुठे जागा मिळाली? आई तर पडद्यावर ठायी ठायी आहे. तिची मैत्रीण कुठे आहे?

आईचे सिंहासन

मराठी चित्रपटात आईचे सिंहासन पक्के केले ते ‘श्यामची आई’ने. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी 1953 मध्ये चित्रपट काढला. वनमालाबाईंनी आईची भूमिका केली. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा तो देशातला पहिला चित्रपट ठरला. गरिबीतही मुलाला सत्त्व शिकवणारी ही आई जातिधर्माच्या पलीकडे पोहोचली. उर्दू शाळांतल्या आम्हा मुलांनाही ती परकी वाटली नाही, कारण अम्मीही असेच सांगत होती.

पण त्यानंतर पडद्यावरची आई हळूहळू एकटी पडत गेली. 1963 च्या ‘मोलकरीण’मध्ये सुलोचनाबाईंची आई मुलाच्याच घरी मोलकरीण म्हणून राबते. 1968 मध्ये राजा ठाकूर यांनी सुलोचनाबाईंनाच घेऊन आणखी एका आईची कहाणी सांगितली. त्या चित्रपटाचे नावच ‘एकटी’. हिंदीत लीला चिटणीस, दुर्गा खोटे, निरूपा रॉय यांनी हेच दुःख वर्षानुवर्षे वाहिले. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत रात्र रात्र नाटके चालतात. तिथेही सोसणारी आई रंगमंचावर आली की बायकांचे पदर डोळ्यांना लागतात.

या आयांना दीर असतात, सावकार असतात, वाया गेलेली मुले असतात, देव असतो. दुपारी उंबरठ्यावर बसून जिच्याजवळ मन मोकळे करावे अशी बाई मात्र क्वचितच असते, आणि असलीच तरी तिची स्वतःची कथा नसते. प्रत्यक्षात तर खेड्यातली कोणतीही आई अशा बाईशिवाय एक बाळंतपणसुद्धा पार पाडू शकत नाही.

मैत्रीला पडद्यावर जागा नव्हती असेही नाही. ती पुरुषांना भरभरून मिळाली. 1964 या एकाच वर्षी ‘संगम’ आणि ‘दोस्ती’ आले. ज्यांना आपण ‘मुस्लिम सोशल’ म्हणतो त्या चित्रपटांतले एक मोठे नाव म्हणजे 1960 चा ‘चौदहवीं का चाँद’. त्यात पडद्यामुळे ओळखीचा घोटाळा होतो. दोन मित्रांचे मन एकाच स्त्रीवर जडते. मग एक मित्र दोस्तीखातर बायको सोडायला निघतो, तर दुसरा हिरा गिळून जीव देतो. दोस्तीच्या या तराजूत त्या स्त्रीचे मन कोणीच तोलत नाही. अशा चित्रपटांत नायिकेला सहेली असते, पण तिचे काम बहुधा चिठ्ठी पोहोचवणे, चेष्टा करणे आणि शादीच्या गाण्यात टाळ्या वाजवणे इतकेच. नायिकेची डोली उठली की सहेलीही कथेतून उठते.

सवत आणि सखी

आपल्या बोलपटाची सुरुवातच दोन स्त्रियांच्या वैराने झाली. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. त्यातल्या बादशहाच्या दोन राण्या, दिलबहार आणि नवबहार, एकमेकींच्या वैरिणी. गादीला वारस कोण देणार या एका गोष्टीने त्यांना समोरासमोर उभे केले होते. म्हणजे मातृत्व हीच दोन बायकांमधली भिंत. पुढे कित्येक चित्रपटांनी हीच भिंत वापरली. सवत, जाऊ, सासू, सावत्र आई ही सगळी तिचीच रूपे.

या भिंतीला लवकर आणि मोठे भगदाड पाडले ते मराठीने. 1937 साली प्रभातचा ‘कुंकू’ आला. नारायण हरी आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी, व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन. अनाथ नीराला तिचा मामा एका म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधतो. नीरा, म्हणजे शांता आपटे, या लग्नाला लग्न मानायचेच नाकारते. हे बंड सर्वांच्या लक्षात आहे. त्या घरातली दुसरी बाई मात्र कमी लोकांना आठवते. ती म्हणजे विधुराची सुशिक्षित मुलगी. नात्याने नीरा तिची सावत्र आई. रिवाजाप्रमाणे या दोघींनी एकमेकींचा दुस्वास करायला हवा होता. पण ही मुलगी घरी येते, सगळे पाहते आणि स्वतःच्या जन्मदात्याविरुद्ध या पोरसवदा ‘आई’च्या बाजूने उभी राहते. सावत्र माय आणि सावत्र लेक यांची मैत्री होते. आपल्या चित्रपटांच्या इतिहासातली ही एक अत्यंत धाडसी मैत्री आहे असे मी मानते.

ही भूमिका करणाऱ्या शकुंतला परांजपे म्हणजे रँग्लर परांजपे यांची कन्या. र. धों. कर्वे यांच्या संततिनियमनाच्या कार्यात त्यांनी वाटा उचलला. पुढे त्या विधान परिषदेवर आणि राज्यसभेवर होत्या. रशियन चित्रकाराशी झालेले त्यांचे लग्न मोडले आणि 1938 मध्ये जन्मलेल्या सई या मुलीला त्यांनी एकटीने वाढवले. या सई परांजपे पुढे ‘स्पर्श’ आणि ‘कथा’च्या दिग्दर्शिका झाल्या. आई होणे की न होणे हे बाईने ठरवावे, असे त्या काळी उघड बोलणारी ही स्त्री. पडद्यावर नीराच्या बाजूने उभी राहताना तिला वेगळा अभिनय फारसा करावा लागला नसेल.

दुसऱ्याची लेक

मेहबूब खान यांनी एकच कथा दोनदा सांगितली. 1940 मध्ये ‘औरत’ आणि 1957 मध्ये ‘मदर इंडिया’. पहिल्यात राधा होती सरदार अख्तर, दुसऱ्यात नर्गिस. पहिल्याचे संवाद वजाहत मिर्झा यांचे; दुसऱ्यात त्यांच्या जोडीला अली रझा. हिंदू शेतकरी आईचे हे महाकाव्य मुस्लिम दिग्दर्शकाने उभे केले, उर्दूच्या लेखकांनी तिला बोलते केले, मुस्लिम अभिनेत्रींनी तिच्यात प्राण ओतले. आपल्या चित्रपटसृष्टीची ही सामायिक मिळकत आहे. आज तिची वाटणी मागणाऱ्यांनी हे आठवावे.

‘मदर इंडिया’कडे आपण ममतेचा चित्रपट म्हणून पाहतो. पण त्याचा शेवट नीट पाहिला तर गोष्ट वेगळी दिसते. राधाचा लाडका बिरजू डाकू होतो आणि सावकार सुखीलालाच्या मुलीला, रूपाला, तिच्या लग्नाच्या दिवशी उचलून नेतो. हा तोच सुखीलाला, ज्याने राधाच्या भुकेचा फायदा घेऊन तिच्या अब्रूचा सौदा करू पाहिला होता. सूड म्हणून राधा गप्प बसली असती तर प्रेक्षकांनी तिला माफ केले असते. पण ती बंदूक उचलते आणि आपल्या हाताने आपल्या मुलाला मारते. कोणासाठी? दुष्मनाच्या लेकीसाठी. त्या क्षणी ती बिरजूची आई राहत नाही, रूपाची मावशी होते. ‘माय मरो पण मावशी उरो’ याचा असाही एक अर्थ निघतो.

अर्थात चित्रपट यालाही गावाची इज्जत म्हणतो. लेकीची इज्जत म्हणजे गावाची इज्जत, हा विचार पुढे बायकांनाच किती महागात पडला हे आपण जाणतो. त्यामुळे या शेवटाचे कौतुक मी आंधळेपणाने करणार नाही. पण लेकाच्या अपराधावर पांघरूण घालणाऱ्या आया आजही गल्लोगल्ली भेटतात. त्यांच्यासमोर ही राधा उभी करावी, एवढे तिचे मोल नक्कीच आहे.

नर्गिस त्या वेळी अवघ्या 28 वर्षांच्या होत्या. त्यांची मुले झालेले सुनील दत्त आणि राजेंद्रकुमार जवळजवळ त्यांच्याच वयाचे. तरुण बाईच्या डोक्यावर पांढरे केस लावून तिला आईपणाच्या चौथऱ्यावर बसवण्याची घाई आपल्याला किती असते, याचेही हे उदाहरण आहे.

‘पाकीजा’ची खाला

मावशी या नात्याला सर्वांत मोठी जागा दिली ती 1972 च्या ‘पाकीजा’ने. कमाल अमरोही यांचा हा चित्रपट आपण मीनाकुमारींसाठी पाहतो. त्यांनी नर्गिस नावाची आई आणि साहिबजान ही मुलगी अशा दोन्ही भूमिका केल्या. चित्रपट 4 फेब्रुवारीला प्रदर्शित झाला आणि 31 मार्चला त्यांचे निधन झाले. प्रेक्षक तो चित्रपट शोकसभेसारखा पाहू लागले.

कथेचा कणा मात्र नवाबजान आहे. शहाबुद्दीनच्या खानदानाने नाकारलेली नर्गिस कब्रस्तानात मुलीला जन्म देऊन मरते. तिची बहीण नवाबजान त्या तान्ह्या पोरीला उचलून आणते आणि वाढवते. वीणा यांनी ही भूमिका किती ठसक्याने केली आहे! ही खाला देवी नाही. ती पोरीला कोठ्यावरच वाढवते, बाप न्यायला येतो तेव्हा तिला घेऊन पळते. तिच्याजवळ दुसरे जगच नाही. रेल्वेतल्या त्या चिठ्ठीचे गुपित जिला कळते ती बिब्बनही तिथलीच, नाचणाऱ्या पायांचे दुखणे ओळखणारी. शराफतीच्या हवेलीने ज्यांना दार बंद केले, त्या बायकांनी एकमेकींना घर दिले.

आणि शेवटी हवेलीच्या अंगणात, काचांवर नाचून साहिबजानचे पाय रक्ताळतात, तेव्हा सत्य बोलते कोण? आई कबरीत आहे. बाप गप्प आहे. खाला ओरडून सांगते की हे रक्त तुझ्याच लेकीचे आहे. माय मेली, मावशी उरली, आणि तिने साक्ष दिली.

आमच्या अम्मीने हा चित्रपट तुमसरला पाहिला होता, लग्न होऊन या भागात आली त्या सुमारास. सोबत होती शेजारची कोष्टीण. तिच्या घरी कोशाचा माग होता. दोघी एसटीने गेल्या आणि घरी सांगितले की दवाखान्यात गेलो होतो. परतताना डोळे सुजलेले पाहून सासूबाईंना ते खरेही वाटले! हा किस्सा दोघी आयुष्यभर सांगत आणि हसत. मी तिला मावशी म्हणत असे.

कॅमेऱ्यामागच्या बाया

त्या विद्यार्थिनीच्या ‘इमो’मुळे मी जुने कोरियन चित्रपटही शोधले. कोरियाच्या चित्रपट संग्रहालयाने ते इंटरनेटवर मोफत पाहायला ठेवले आहेत. 1950 ते 1953 च्या युद्धात तो देश होरपळला. आपल्याकडे फाळणीने केले तसेच घराघरांत विधवा आणि पोरकी मुले उरली. म्हणून तिथल्या त्या काळच्या रडवणाऱ्या चित्रपटांत विधवा आई पुन्हा पुन्हा येते. शिन सांग-ओक यांच्या 1961 च्या ‘आई आणि पाहुणा’मध्ये तरुण विधवेचे मन घरी राहायला आलेल्या पाहुण्यावर जडते. गोष्ट सांगते तिची चिमुरडी मुलगी. घरात सासूही विधवा. शेवटी आई मन मारते, पाहुणा निघून जातो. गंमत म्हणजे त्याच घरातली मोलकरीण अंडी विकणाऱ्याशी सूत जमवते. खानदानी बाईला जे मिळत नाही ते गरीब बाई सहज घेऊन जाते.

त्याच्याही आधी, 1955 मध्ये, पाक नाम-ओक या बाईने ‘विधवा’ नावाचा चित्रपट काढला. ती कोरियाची पहिली स्त्री दिग्दर्शक. तान्ही मुलगी पाठीला बांधून तिने चित्रीकरण केले. पैसा तिच्या बहिणीने उभा केला, म्हणून निर्मितीसंस्थेचे नावही ‘बहिणी’ असे ठेवले. म्हणजे चित्रपट करणारी आई आणि तिला उभी करणारी, त्या लेकराची इमो! तिची नायिका मात्र प्रेमासाठी आपली मुलगी शेजाऱ्याकडे सोपवते. आईनेच आईविषयी इतके अवघड खरे सांगितले. चित्रपट थोडेच दिवस चालला. तिला दुसरा चित्रपट कधीच करता आला नाही. आज त्याची जी प्रत आहे तिचा अखेरचा भाग हरवला आहे, आणि त्याआधीच्या काही भागाला आवाज नाही.

हे वाचले आणि मला आपल्या फातमा बेगम आठवल्या. उर्दू रंगभूमीवरून आलेल्या या बाईने 1922 मध्ये ‘वीर अभिमन्यू’त काम केले, 1926 मध्ये मुंबईत स्वतःची फातमा फिल्म्स काढली आणि ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. त्या भारताच्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक. त्यांच्या जुबेदा, सुलताना आणि शहजादी या तिन्ही मुली पडद्यावर आल्या. त्यातली जुबेदा म्हणजे ‘आलम आरा’ची नायिका. शरीफ घरच्या बायका कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या तेव्हा एका मुस्लिम आईने लेकींना बोट धरून तिथे आणले. पुढे जद्दनबाईंनी तेच केले. 1935 च्या ‘तलाश-ए-हक’मध्ये त्यांनी अभिनय केला, संगीत दिले आणि आपल्या लहानग्या मुलीलाही काम दिले. ती मुलगी म्हणजे नर्गिस.

‘बुलबुल-ए-परिस्तान’ची प्रत आज नाही. ‘आलम आरा’चीही नाही. कोरियन ‘विधवा’चा शेवट नाही. पडद्यावरच्या आईला आपण मखरात बसवले आणि कॅमेऱ्यामागच्या आईची रिळे सांभाळली नाहीत.

नाव लिहून ठेवा

हा केवळ चित्रपटांचा प्रश्न नाही. आमच्या शाळेतल्या दोन मुली पाच वर्षे एका बाकावर बसतात, एक डबा खातात. दहावीनंतर एकीचा निकाह ठरतो आणि मैत्री संपते. आईबापांना त्यात काही तुटले असे वाटतही नाही. मुलाची दोस्ती आयुष्यभराची कमाई, मुलीची सहेली म्हणजे लहानपणीचा खेळ. पडद्याने जे दाखवले तेच घरात चालते, की घरात चालते तेच पडद्याने दाखवले, हे सांगणे कठीण आहे. बहुधा दोन्ही एकमेकांना पोसत आले.

मी वर्गात मुलींना एक काम दिले. आजीच्या किंवा नानीच्या सर्वांत जवळच्या सहेलीचे नाव विचारून या. आजोबांच्या मित्रांची नावे अनेकींना आधीच ठाऊक होती. नानीच्या सहेलीचे नाव मोजक्याच मुली आणू शकल्या. एक म्हणाली, “नानी खूप वेळ गप्प बसली. मग नाव सांगितले आणि रडली.” त्या मुलीने नाव वहीत लिहिले होते, खाली गावाचे नावही होते.

दहावीच्या वर्षी अम्मी अंथरुणाला खिळली होती. ते चार महिने मी शेजारच्या मावशीच्या घरी जेवले, तिच्या मागाच्या खटखटीत अभ्यास केला. परीक्षेच्या दिवशी तिने हातावर दही ठेवले. पुढे बी.एड.पर्यंत पोहोचले ती वाट त्या घरातून गेली आहे. तीन वर्षांपूर्वी ती वारली. रजेच्या अर्जात मी कारण लिहिले, ‘आईच्या मैत्रिणीचे निधन’. लिहून थांबले. हे नाते रजेला पुरेल का, अशी शंका आली. ते खोडले आणि लिहिले, ‘खालाचे निधन’. रजा मिळाली.

लिहिले त्यात खोटे काही नव्हते. पण खोडलेले शब्दही खरे होते, आणि ते खोडावे लागू नयेत असे वाटते. म्हणून यंदाही नववीच्या मुलींना तेच काम दिले आहे. या वेळी नावाबरोबर सहेलीची एक आठवणही लिहून आणायची आहे. वाचकांनीही आपापल्या घरी विचारून पाहावे. उत्तर देणाऱ्या बाया अजून हयात आहेत तोवर विचारावे.